बिनकचऱ्याच्या लग्नाचं वऱ्हाड

छत्रपती संभाजीनगरला जाऊन मी वेरूळ पाहिलं नाही, अजिंठा पाहिला नाही, आणि बीबी का मकबरा रिक्षातून कोणत्या बाजूला गेला तेही मला सांगता येणार नाही. तरीही परत आल्यापासून भेटेल त्या माणसाला धरून मी या प्रवासाबद्दल सांगत सुटले आहे. आमच्या चिपळुणात आता ओळखीचे लोक मला लांबून पाहिलं की रस्ता ओलांडतात. "काय काय पाहिलंत?" असं कुणी चुकून विचारलंच तर मी म्हणते, "खड्डा पाहिला. फार देखणा खड्डा होता." मग समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे काळजीने बघतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहून काढावं, म्हणजे घरच्यांनाही जरा उसंत मिळेल.

निमित्त विजूच्या मुलीच्या लग्नाचं. विजू म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहिलेली मैत्रीण. तिचा फोन आला तो असा: "नीले, पल्लवीचं लग्न ठरलं. चार दिवस आधी ये. येताना पाण्याची बाटली आण, स्वतःची. आहेर आणू नको. आणलासच तर चमचमत्या कागदात गुंडाळून आणू नको. आणि हो, मुलगा चांगला आहे." मुलाची पाळी सगळ्यात शेवटी आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे लग्न साधं नाही.

पुंडलिकनगर

विजूचं घर पुंडलिकनगरात, एका गल्लीच्या टोकाला. रात्रभराच्या बसने माझं अंग आंबून गेलं होतं. रिक्षातून उतरते तोच विजूने माझ्या हातातली वेफर्सची रिकामी पिशवी हिसकावून घेतली आणि विचारलं, "ही कुठं टाकणार होतीस?" इतक्या वर्षांनी भेटणारी मैत्रीण गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं. पडली ती, पण पिशवीची सोय लावून झाल्यावर.

चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. मराठवाड्यात चहाला नाही म्हणायची सोय नसते. आमच्या कोकणात "चहा घेणार का?" असं विचारतात आणि समोरचा "नको" म्हणाला की मनातून खूश होतात. इथे विचारतच नाहीत, कप थेट हातात येतो. नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी, आणि ते यायचं त्या दिवशी गल्लीत सण असल्यासारखी धावपळ. मी चिपळूणची, आमच्याकडे पावसाळ्यात पाणी न बोलावता घरात शिरतं. इथे प्रत्येक बादलीवर झाकण बघून मला आपण फार उधळ्या घराण्यातल्या आहोत असं वाटायला लागलं.

म्हणूनच दुपारी तहान लागली तेव्हा पाणी मागायचा संकोच वाटला. मागच्या दारी गेले तर तिथे एका मोठ्या बरणीत मोसंबीच्या साली टाकलेलं, गुळाच्या रंगाचं काहीतरी होतं. वास असा की जीव हरखून गेला. म्हटलं, लग्नघरचं सरबत दिसतंय. पेलाभर गाळून घेतलं आणि अर्ध्याहून जास्त पिऊन टाकलं. आंबट होतं, पण प्रत्येक गावाची रीत वेगळी.

तेवढ्यात विजूचे यजमान प्रकाशराव आले. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. माझ्या हातातला पेला बघून ते आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असावेत. "अहो, ते फरशी पुसायचं आहे!"

मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी महिनोन्‌महिने मुरवून विजू फरशीचं द्रावण करते. विजू धावत आली, तिने पेला बघितला, मला बघितलं, आणि भिंतीला टेकून खालीच बसली. हसू आवरेना तिला. प्रकाशराव गंभीरपणे म्हणाले, "काळजी करू नका. आतून लख्ख व्हाल." खरंच काही झालं नाही, उलट दोन दिवस भूक सडकून लागत होती.

बाकीच्या बरण्यांची आणि पिंपांची मग ओळख करून देण्यात आली, म्हणजे मी अजून काही पिऊ नये म्हणून. एकात भाजीची देठं, एकात कुजून तयार झालेलं काळं खत, एका पोत्यात धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. घंटागाडी दारासमोर थांबते ती फक्त चहा प्यायला, असं प्रकाशराव सांगत होते.

"हे सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण लग्नात कसं जमणार? एवढं मोठं वऱ्हाड, पत्रावळ्या, बाटल्या, उष्टं..."

विजूचं हसू गेलं. "जमवावंच लागणार आहे गं. नाहीतर सरूमावशी जेवणार नाही."

पडेगाव

सरूमावशीला भेटायला दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून पडेगावला गेलो. विजू तिसरीत असताना तिची आई गेली. त्यानंतर या मावशीने तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. दौलताबादच्या रस्त्याला, वस्ती संपता संपता मावशीचं घर. मागे ज्वारीचा तुकडा, बाजूला शेळ्या, आणि घराच्या पाठीमागून एक नाला.

मावशी दारातच उभी होती. लुगडं घट्ट नेसलेलं, हातात काठी, पण टेकायला नव्हे, शेळ्यांना दटावायला. "आली का कोकणची पाव्हणी? बस. आधी खा, मंग बोल."

हुरड्याचे दिवस होते. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून मावशी दाणे माझ्या ओंजळीत टाकत होती. सोबत लसणाची चटणी आणि दही. गरम, कोवळा, गोडसर दाणा दाताखाली फुटला की दुसरं काही सुचत नव्हतं. ज्वारी म्हणजे भाकरी एवढंच मला माहीत. आमच्याकडे भाताचं राज्य. त्या ओंजळीत माझी सगळी राजनिष्ठा वाहून गेली.

शेळ्यांच्या गोठ्यावर एक मोठा फ्लेक्स ताणलेला होता. त्यावर कुणी नवरानवरी हातात हात घालून हसत होते, नावं फाटून गेलेली. मी बघते आहे हे बघून मावशी म्हणाली, "ह्ये जोडपं लई टिकाऊ हाय. पावसात बी गळत नाय."

मी खो खो हसले. मग तिने मला उठवून नाल्याकडे नेलं आणि माझं हसणं थांबलं.

नाला दिसतच नव्हता. थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या, चमचे, पाण्याच्या बाटल्या, गाठ मारलेल्या काळ्या पिशव्या, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. सगळी लग्नंच लग्नं. मधूनच कुठेतरी काहीतरी धुमसत होतं आणि तो धूर ज्वारीवरून सरकत चालला होता. या रस्त्याला लग्नाची लॉन खूप, आणि काही मांडववाले उष्टं-खरकटं रीतसर गाडीत द्यायचं सोडून अंधारात ट्रॅक्टरने इथे ओतून जातात, हे विजूने सांगितलं.

"लगीन शहरात लागतं," मावशी म्हणाली, "अन् उष्टं माझ्या दारात येतं. हिरीचं पाणी प्यायचं बंद केलं म्या. नांगर टाकला की मातीतून पिशव्याच वर येतेत. अन् चंद्री गेली."

चंद्री म्हणजे मावशीची म्हैस. उरलेली बुंदी पिशवीत भरून, गाठ मारून कुणी टाकली होती. बुंदीच्या वासाने चंद्रीने ती पिशवीसकट खाल्ली. "डाक्टरनं पोट फाडलं, तर पिशव्या, चमचे, गिलास. कुणाच्या तरी लेकराचं शुभमंगल माझ्या म्हशीच्या पोटात निघालं, बाई. तवापासून लॉनवरच्या लग्नात मी पाणी बी पीत नाय. अक्षता टाकते अन् घरला येते."

"पल्लवीच्या लग्नातबी?" विजूने विचारलं. मावशीशी बोलताना तिची शहरी भाषा आपोआप गळून पडत होती.

"पल्लवीचं लगीन आभाळात लागणाराय का? लॉनवरच ना?"

"लॉनवरच. पण मावशी, मी सगळं..."

"समदे असंच म्हणतेत. मी अक्षता टाकीन, पोरीला पोटभर आशीर्वाद देईन, अन् घरी येऊन भाकर खाईन. तू वाईट वाटून घेऊ नको."

परत येताना विजू स्कूटर चालवत होती आणि बोलत होती, वाऱ्याने तिचे अर्धे शब्द उडून जात होते. "हिनं स्वतः उपाशी राहून मला खाऊ घातलंय नीले, आणि ही माझ्या मुलीच्या लग्नातून उपाशी जाणार." आरशात दिसणारे तिचे डोळे वाहत होते, ते धुळीने नव्हे. मला त्या क्षणी पटलं की आपण सगळे "टाकलं" हा शब्द किती सहज वापरतो. टाकलं म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. ज्या मातीने मला सकाळी ओंजळभर हुरडा दिला तिच्यातच आपण पिशव्या पेरतो आहोत. अशाने पल्लवीच्या मुलांच्या ताटात काय येणार, असा विचार मनात आला आणि मी विजूला मागून घट्ट धरलं. ती म्हणाली, "गुदगुल्या करू नको, पडू आपण."

उस्मानपुरा

आता आमच्या अंगात आलं होतं. उस्मानपुऱ्यात रफीकभाईंचं भाड्याने भांडी द्यायचं दुकान आहे, तिथे विजूने मला नेलं. बाहेर थर्माकोलच्या ताटल्यांचे मनोरे, आत अंधार.

"क्या होना आपा?"

"पाणी प्यायला गिलास. स्टीलचे."

रफीकभाईंनी चष्मा कपाळावर घेतला. "शादी में बाटली नक्को? कागद का गिलास बी नक्को?"

"नक्को," मी ठामपणे म्हटलं. हा शब्द मला इतका आवडला की पुढे दिवसभर मी कशालाही नक्को म्हणत होते.

ते आत तोंड करून ओरडले, "अजी सुनते क्या! अब्बा के गिलासां निकालो, शादी का आर्डर आया!" आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. दोघांनी मिळून पोती उघडली. "भंगार में देने वाला था मैं. ये बोली, रहने दो, दिन पलटते." बायकोने एक पेला घासून उजेडात धरला आणि त्यात स्वतःचं तोंड बघून ती लाजली. आम्ही तिथे इतका वेळ रमलो की रफीकभाईंनी गरम इमरती मागवली. ती आली प्लास्टिकच्या पिशवीत. विजूने पिशवीकडे बघितलं, रफीकभाईंनी विजूकडे बघितलं, आणि ते स्वतः पितळी ताट घेऊन परत हलवायाकडे गेले.

ताटांसाठी मात्र स्टील नको असं ठरलं, कारण एवढी ताटं घासायला पाणी आणायचं कुठून? म्हणून कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडच्या बायकांकडून पळसाच्या पत्रावळ्या आणल्या होत्या, हिरवट तपकिरी, काड्यांनी टाचलेल्या. त्या संध्याकाळी घरात जेवणाची तालीम झाली. सगळे ओळीने जमिनीवर. प्रकाशराव लग्नातला नवा पांढरा लेंगा घालून बसले होते, "बसायला जमतंय का ते बघतो" म्हणून.

इथल्या लग्नात येसरची आमटी हवीच. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं ते पीठ लग्नघरात आधीच तयार असतं आणि त्याची आमटी अशी झणझणीत होते की नाक आणि डोळे दोन्ही धुऊन निघतात. पण ती पातळ. वाढताच तिने पत्रावळीचा सांधा शोधला आणि प्रकाशरावांच्या लेंग्याकडे कूच केलं.

"थांबा!" मी ओरडले. भाताचा डोंगर केला, मधे खड्डा पाडला, काठ दाबून घेतले आणि आमटी त्या आळ्यात ओतली. थेंबभर बाहेर नाही. घरभर टाळ्या पडल्या. भातात आळं करायला कोकणातलं शेंबडं पोरही शिकलेलं असतं, पण मी ते सांगितलं नाही. लेंगा मात्र गेला तो गेलाच.

दुसरा धडा अवघड होता. विजूने घरच्या वाढणाऱ्यांना बजावलं, "'घ्या' एकदाच म्हणायचं. नको म्हटलं की पुढं सरकायचं. पानात काही उरता कामा नये." सगळ्यांनी हातातले पळी-डाव खाली ठेवले. प्रकाशरावांचे थोरले भाऊ तर कळवळून म्हणाले, "आग्रहच करायचा नाय तर लगीन कशाला करायलो मग आपण?"

या तालमीच्या ऐन मध्यावर मुलाचे वडील रावसाहेब आले. गंगापूरकडचे शेतकरी, भरदार मिशा, मोठा आवाज. मुलगा शहरात नोकरीला. त्यांनी जमिनीवरच्या पत्रावळ्या बघितल्या, प्रकाशरावांचा डागाळलेला लेंगा बघितला. "नवरानवरीच्या फोटोचा बोर्ड लावायचा नाय म्हणता? बाटल्या बी नाय?" प्रकाशराव म्हणाले, "काहीच ठेवलं नाही." त्यावर रावसाहेब एकदम हळू आवाजात बोलायला लागले. निघताना त्यांनी प्रकाशरावांच्या खांद्यावर बराच वेळ हात ठेवला. "येळ येती माणसावर. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"हे असं का म्हणाले?" प्रकाशरावांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी खांदे उडवले.

लॉन

लग्न पडेगाव रस्त्यावरच्याच एका लॉनवर. गल्लीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांनी मांडव सजवला होता, त्यामुळे सकाळपासून जी ती मान वर करून आपापली साडी शोधत होती. फुलं सुताच्या दोऱ्यात. पाण्याचे रांजण. रफीकभाई नवा कुर्ता घालून, बायकोला घेऊन, आपले पेले कसे दिसतात ते बघायला आले होते.

सरूमावशी आली. बाकीच्या बायका रुखवत बघायला गेल्या, मावशी काठी घेऊन तडक लॉनच्या मागे गेली. तिथे विजूने उष्ट्या पत्रावळ्यांसाठी खड्डा खणून घेतला होता, म्हणजे लॉनमालकाच्या बागेला खतही मिळेल. तळाला वाळला पाला, बाजूला शेणाचा ढीग, कडा ताशीव. मावशीने काठीने खोली बघितली. आम्ही दोघी निकालाची वाट बघत मागे उभ्या.

"खड्डा बरा हाय," ती म्हणाली. "आत काय पडतंय ते बघू." आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून, पिशवी मांडीवर घेऊन, ती निघायच्या तयारीनेच बसली.

तेवढ्यात फाटकातून टेम्पो आला. पुढे रावसाहेब, चालत, कडक फेटा बांधून. टेम्पोत वरपर्यंत पाण्याच्या सीलबंद बाटल्यांची खोकी आणि थर्माकोलच्या ताटल्यांचे गठ्ठे.

"ईहीनबाई," त्यांनी विजूला बाजूला घेतलं. मी जवळच होते म्हणून मलाही ऐकू आलं. "कुणाला काय बी बोललो नाय. तुमची अडचण वळखली मी. आता आपण एक झालो. तुमची इज्जत ती आमची इज्जत."

त्यांना वाटलं होतं की विजू-प्रकाशरावांवर गरिबी आली आहे! तालमीच्या दिवशी जमिनीवर पत्रावळ्या, बाटल्या नाहीत, बोर्ड नाही, डागाळलेला लेंगा... आणि हा मोठ्या मनाचा माणूस दोन रात्री त्याच काळजीत घालवून टेम्पो भरून घेऊन आला होता. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

विजूचा चेहरा पांढरा पडला. व्याह्याची भेट परत पाठवायची म्हणजे ऐन मांडवात अपमान. ठेवून घ्यायची म्हणजे... तिने कडुनिंबाकडे बघितलं. मावशीने टेम्पो पाहिला होता. ती उठून उभी राहिली होती आणि पिशवी खांद्याला लावत होती.

मग विजूच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. वसतिगृहात वॉर्डनला फसवताना चमकायचं तेच. "नीले, हळदीकुंकू आण. आणि मावशीला म्हणावं, दहा मिनिटं थांब, माझी शपथ."

तिने टेम्पोला ओवाळलं. पहिल्या खोक्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "रावसाहेब, एवढं मोठं मन! हा मान मी कुठंतरी कोपऱ्यात ठेवणार नाही. हा रुखवतात मांडणार!" आणि खरंच, लाडू, करंज्या, पितळी समई आणि भरतकामाच्या मधोमध बाटल्यांची खोकी रचली गेली, थर्माकोलचे गठ्ठे पाठीमागे मखरासारखे उभे राहिले. बायका गोळा झाल्या. असं रुखवत कुणी पाहिलं नव्हतं. रावसाहेब मिशांवरून हात फिरवत बाजूला उभे, फोटो काढून घेत होते. मावशी पिशवी खांद्याला तशीच ठेवून टक लावून बघत होती.

लग्न लागलं. ज्वारीच्या अक्षता पडल्या आणि त्या टिपायला चिमण्या आमच्या पायात आल्या. पल्लवी इतकी सुंदर दिसत होती की काही वेळ मी कचरा विसरले.

पहिली पंगत वराकडची. दोन घास झाल्यावर रावसाहेबांनी पाणी मागितलं. समोर स्टीलचा पेला आला.

"आपल्या बाटल्या?"

"रुखवतात," विजू म्हणाली.

"वाटणार कवा?"

"रुखवत कुणी वाटतं का? ते नवरीबरोबर सासरी जातं. तुमच्याच घरी."

पंगत थबकली. रावसाहेबांचा पेला हवेतच राहिला. मग त्यांना उमगलं आणि ते ताडकन उभे राहिले. "म्हंजी आमची वस्तू वापरायचीच नाय?" कुणी हलेना. पण सगळ्यांची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, त्यांच्या पत्रावळीवर होती. भात अर्धा, वांग्याची भाजी, पुरी. रावसाहेबांनीही खाली बघितलं. मग तो रागावलेला माणूस मुकाट खाली बसला, भराभरा सगळं संपवलं, पान पुसून घेतलं आणि मगच परत उभा राहिला.

"आता बोला," ते म्हणाले.

विजूने हात जोडले आणि चंद्रीची गोष्ट सांगितली. लांबण न लावता, जशी मावशीने सांगितली तशी. रावसाहेबांचा राग कुठे गेला ते कळलंच नाही. ते हात धुऊन कडुनिंबाखाली गेले आणि मावशीसमोर उकिडवे बसले.

"ईहीनबाई, म्हस कितव्या येताची हुती, कितव्यांदा व्यालेली?"

"तिसऱ्या."

"दूध?"

"दोन्ही टायमाला घागर भरायची," मावशीने घागरीएवढे हात पसरून सांगितलं.

रावसाहेबांनी मातीत दोन रेघा ओढल्या. "आमचा बैल गेला मागं. पोट फुगून. गावाबाहेर लग्नाचं खरकटं पडतंय, तिथं चरायचा. आम्ही म्हणलो, पोटफुगी. फाडून बघितलंच नाय." मग त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "बाटल्या अन् ताटल्या तशाच दुकानदाराच्या दारात टाकतो उद्या. सील बी फुटलेलं नाय. चला, जेवायला बसा."

"आधी या," मावशी म्हणाली आणि त्यांना खड्ड्याकडे घेऊन गेली. पहिल्या पंगतीच्या पत्रावळ्या आत पडत होत्या, वर शेणकाला आणि पाला. दोघं कडेला उभे राहून लेणं बघावं तसे आत बघत होते. पान नुसतंच पान, दुसरं काही नाही. मावशीने काठीने एक पत्रावळ उलटली, दुसरी उलटली, कोपरा उकरला. मग पिशवी खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली.

मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरली. कुणी माझ्या हातात बाळ दिलं असतं तरी इतकी जपून धरली नसती.

मावशी पंगतीत बसली. शेजारी रावसाहेब परत बसले. "माझं झालंय," ते म्हणाले, "पण तुमच्यासंगं अजून एकदा. पोट हाय, सरकतंय." त्यांनी स्वतः उठून बुंदीचं पातेलं घेतलं. पळी भरली, मावशीच्या पानाशी नेली, "घ्या" म्हणाले. मावशी म्हणाली, "बस." रावसाहेबांची पळी तिथेच अडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा आग्रह त्या पळीत दाटला होता. सगळी पंगत श्वास रोखून बघत होती. त्यांनी डोळे मिटले, पळी मागे घेतली आणि पुढे सरकले. बायकांनी शिट्ट्या मारल्या असत्या, येत नव्हत्या म्हणून टाळ्या वाजवल्या.

विजू काही जवळ आली नाही. मांडवाच्या खांबाआड उभी राहून ती बघत होती, मी तिच्या शेजारी, मावशीची पिशवी छातीशी धरून. मावशीने भाताला आळं केलं, कुणी शिकवलं नसताना. आमटी ओतून घेतली. घास कालवला, तोंडात घातला आणि हळूहळू चावत राहिली. विजूने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली.

मावशीने मान वर केली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विजे! आमटीत मीठ कमी पडलंय गं!"

विजू रडत, हसत, मिठाच्या वाटीसाठी पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून लॉनभर पळत सुटली.